गीझरची कॉइल पुन्हा पुन्हा का जळते, आणि मग टाकीच का गळते?

"गेल्याच हिवाळ्यात कॉइल बदलली होती, पुन्हा गेली." थंडी सुरू झाली की ही तक्रार हमखास ऐकू येते. तिच्या मागोमाग दुसरी येते: "कॉइल बदलून वर्षही झालं नाही, आता टाकीच गळतेय." पहिल्या वेळी सांगतात की कॉइल डुप्लिकेट होती. दुसऱ्या वेळी सांगतात की टाकीचं वय झालं होतं. कधीकधी दोन्ही खरं असतं. पण बऱ्याच घरांत टाकीचं गळणं हे आधीच्या दुरुस्तीतूनच आलेलं असतं, आणि कॉइलचं जळणं नळाला येणाऱ्या पाण्यातून. ते कळेपर्यंत आपण तोच भाग बदलत राहतो आणि तो पुन्हा पुन्हा जात राहतो.

साठवणीचा गीझर, म्हणजे १०, १५, २५ लिटरची टाकी असलेला, बाहेरून साधा दिसतो. आत मात्र धातू, प्लास्टिक आणि सिरॅमिक ही तिन्ही कुळं एकमेकांना चिकटून काम करतात, आणि तेही गरम पाण्यात, दाबाखाली, विजेच्या सोबतीनं. प्रत्येकाची खराब होण्याची रीत वेगळी आहे. म्हणून माझा पहिला आग्रह असा की काढलेली कॉइल मेकॅनिकला लगेच घेऊन जाऊ देऊ नका. ती हातात घेऊन नीट बघा. कशानं गेली ते बहुतेक वेळा तिच्या अंगावरच दिसतं.

हात लावण्याआधी

गीझरचं बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटसुलट असेल तर बटण बंद असतानाही आत करंट असू शकतो. मेन बोर्डवरचा एमसीबी, म्हणजे त्या लाइनचा ऑटोमॅटिक स्विच, खाली पाडा, प्लग असेल तर तो काढा, आणि टेस्टरनं खात्री करा. टाकीतलं पाणी गार होऊ द्या. गार पाण्याचा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा, मग खालून टाकी रिकामी करा.

घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लाइन तोडणारं उपकरण, बसवलेला असेल आणि गीझर लावला की तो पडत असेल, तर तो काढून टाकण्याचा किंवा गीझरची लाइन त्याला वगळून देण्याचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीला लाइन तोडतो. तो पडतोय याचा अर्थ गीझरमधून करंट कुठेतरी गळतोय आणि त्यानं तुम्हाला वेळेत सांगितलं आहे. ओल्या अंगानं नळाला हात लावणारा माणूस त्या एका उपकरणाच्या भरवशावर उभा असतो. आरसीसीबी बसवलेलाच नसेल तर कॉइलच्या आधी तो बसवून घ्या.

विजेच्या कामाची सवय नसेल तर खोलायचं काम जाणकाराकडून करून घ्या. पण शेजारी उभं राहून बघा, आणि पुढे सांगतोय त्या गोष्टी त्याला विचारा.

कॉइलच्या आत काय असतं

आपण जिला कॉइल म्हणतो ती वाकवलेली धातूची नळी. त्या नळीच्या मधोमध नायक्रोमची तार गुंडाळलेली असते. निकेल आणि क्रोमियमचा हा मिश्रधातू तापून लाल झाला तरी त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा धरतो आणि तार जळत नाही. अल्बर्ट मार्श या अमेरिकी संशोधकाला १९०६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. टोस्टर, इस्त्री, गीझर ही सगळी घरगुती उपकरणं त्यानंतरच खऱ्या अर्थानं शक्य झाली.

तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये पांढरी पूड ठासून भरलेली असते: मॅग्नेशियम ऑक्साइड. हे सिरॅमिक. या सगळ्या यंत्रातला मला सर्वांत आवडणारा पदार्थ हाच. वीज अडवणारे पदार्थ सहसा उष्णताही अडवतात. मॅग्नेशियम ऑक्साइड वीज अडवतो आणि उष्णता मात्र बऱ्यापैकी जाऊ देतो, आणि वितळतो तो २८०० अंश सेल्सियसच्याही पुढे. म्हणून २३० व्होल्टची तार पाण्यापासून काही मिलिमीटरवर असूनही पाण्यात करंट उतरत नाही. त्याचा एकच दुबळेपणा: तो ओलावा ओढून घेतो. ओला झाला की त्याचं वीज अडवण्याचं काम संपलं.

बाहेरची नळी तांब्याची असते किंवा इन्कोलॉयची, म्हणजे निकेल, लोखंड आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची. तांबं उष्णता झटकन पुढे देतं, स्वस्तात मिळतं, पण मऊ असतं आणि फार तापलं की तग धरत नाही. इन्कोलॉय महाग, उष्णता वाहून नेण्यात तांब्याच्या फार मागे, पण उच्च तापमानाला टिकतं.

काढलेली कॉइल वाचायची कशी

मल्टिमीटर असेल तर दोन मापं घ्या. दोन टोकांमधला रोध २००० वॅटच्या कॉइलला सुमारे २६ ओहम, ३००० वॅटच्या कॉइलला सुमारे १७ ते १८ ओहम यायला हवा. मग एक टोक आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मोजा. तिथे मीटरनं काहीच दाखवता कामा नये. इलेक्ट्रिशियनकडे ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्ट लावून गळती तपासणारा मीटर, असेल तर हे दुसरं माप त्यावरच घ्यावं. साधा मल्टिमीटर आपल्या बॅटरीच्या जोरावर मोजतो आणि अर्धवट गळती त्याला दिसत नाही.

आता डोळ्यांनी बघा.

कॉइलवर पांढरा, करडा, दगडासारखा जाड थर आहे, वेटोळ्यांमधल्या फटीही त्यानं भरून गेल्यात, आणि थर फोडल्यावर नळी फुगलेली किंवा उभी फाटलेली दिसते. तारेचं मापही तुटलेलं येतं. ही कॉइल क्षारांनी मारली.

दुसरा प्रकार असा की थर फारसा नाही, तार शाबूत आहे, रोध बरोबर २६ ओहम येतो, पण नळीवर हिरवट डाग आणि एखादं सुईच्या टोकाएवढं भोक आहे. भोकातून पाणी आत गेलं, पूड ओली झाली आणि आरसीसीबी पडायला लागला. ही गंजण्याची केस. इथे थोडं जपून: नळीला भोक नसतानाही, पावसाळाभर बंद असलेला गीझर हिवाळ्यात पहिल्यांदा लावल्यावर आरसीसीबी पडू शकतो. कॉइलच्या टोकांशी जे सील असतं ते जुनं झालं की हवेतला ओलावा तिथून आत शिरतो. अशी कॉइल वाळवल्यावर मेगरला बरी येते. पण सील गेलेलं असतंच, त्यामुळे मी ती परत बसवणार नाही.

तिसरा प्रकार: थर नाही, भोक नाही, पण नळी काळीनिळी पडलेली आणि वरची वेटोळी जास्त भाजलेली. ही कॉइल पाण्याविना तापली. "आमच्याकडे टाकीत पाणी कायम असतं" असं घरातले सांगतात, आणि त्यांना तसं खरंच वाटत असतं. उभ्या गीझरमध्ये गार पाणी तळाशी सोडलं जातं आणि गरम पाणी एका उंच नळीनं अगदी वरून घेतलं जातं. इमारतीची गच्चीवरची टाकी रिकामी झाली, कुणीतरी गरम नळ उघडून पाहिला, पाणी आलं नाही म्हणून तसाच उघडा ठेवला, की त्या नळातून हवा आत शिरते आणि गीझरमधलं पाणी गार पाण्याच्या वाटेनं उलटं खाली उतरतं. हे होऊ नये म्हणून त्या वाटेवर उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह असतो, ज्याला प्लंबर एनआरव्ही म्हणतात. त्यात वाळूचा एखादा कण किंवा क्षाराचा खडा अडकला की तो पूर्ण मिटत नाही. अशा घरात चौथी कॉइल बसवली तरी ती जाणार. बदलायचा आहे तो शेदोनशे रुपयांचा व्हॉल्व्ह.

क्षारांचं गणित

आपल्याकडे या तीन प्रकारांत पहिलाच जास्त दिसतो, आणि त्याला कारण आपली जमीन आहे. धरणातून येणारं नळाचं पाणी तुलनेनं मऊ असतं. बोअरचं पाणी दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपत येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. शहराच्या कडेला नव्यानं उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमध्ये अर्धं पाणी बोअरचं, अर्धं टँकरचं. म्हणून जुन्या घरात दहा वर्षं चाललेला गीझर नव्या फ्लॅटमध्ये दोन वर्षांत आजारी पडतो. गीझरची कंपनी तीच असते, पाणी बदललेलं असतं.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, एकूण कठीणपणा, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं सांगतं. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. समजा तुमचं पाणी ४०० चं आहे आणि घरात दिवसाला १०० लिटर पाणी गीझरमधून जातं. म्हणजे रोज ४० ग्रॅम. त्यातला दहावा भाग जरी आत बसला तरी दिवसाला ४ ग्रॅम, वर्षाला जवळजवळ दीड किलो दगड. तळाशी साचलेला खच बाहेर काढताना लोक थक्क होतात, पण हिशेब इतका सरळ आहे.

हा दगड गरम जागीच का बसतो? पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की फुटतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट उरतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते; कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं, पाणी जितकं गरम तितकं ते कमी विरघळतं. म्हणून सगळ्यात गरम पृष्ठभागावर, म्हणजे कॉइलवरच, ते आधी बसतं. तांब्यातून उष्णता जितक्या सहज जाते त्याच्या शंभराव्या हिश्शानेही ती या थरातून जात नाही. कॉइलच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सुमारे १० वॅट बाहेर पडायचे असतील, तर एक मिलिमीटर थर ओलांडण्यासाठी नळीला पाण्यापेक्षा आणखी ५० ते १०० अंश जास्त तापावं लागतं. थर तीन मिलिमीटर झाला की विचार करा. आत तार भाजते, नळी फुगते, एके सकाळी फाटते.

उपाय तीन आहेत, आणि पहिला फुकट आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापू द्यायचं ते ठरवणारा भाग, ७५ अंशांवर असेल तर ५५ ते ६० वर आणा. साठच्या वर थर बसण्याचा वेग झपाट्यानं वाढतो. त्याहून खाली, ४५ वगैरेवर, मात्र कायमचं ठेवू नका. कोमट पाण्याच्या टाकीत जंतू पोसले जातात.

दुसरा, वर्षातून एकदा कॉइल काढून धुणं. बोअरचं जड, म्हणजे कठीणपणा जास्त असलेलं, पाणी असेल तर सहा महिन्यांनी. त्यासाठी किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व पुरतं. लिटरभर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम घालून कॉइलचा फक्त वेटोळ्यांचा भाग त्यात बुडवून ठेवा, वायरी जोडायची टोकं कोरडी राहू द्या. फेस येतो, थर भुसभुशीत होतो, प्लास्टिकच्या ब्रशनं निघतो. कॉइल ज्या धातूच्या चकतीवर बसवलेली असते त्या फ्लँजवर मॅग्नेशियमचा रॉड (त्याचं काम पुढे सांगतो) असेल तर तो आधी काढून ठेवा, नाहीतर आम्ल थर सोडून रॉडच खाऊन टाकेल.

संडास धुवायचं ॲसिड वापरू नका. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. थर चुटकीसरशी जातो हे खरं, पण तांब्याला ते लागतं, आणि स्टेनलेस स्टीलला तर त्यातलं क्लोराइड फारच घातक. ज्या कॉइलला अजून दोन वर्षं होती ती पुढच्या महिन्यात भोक पाडून घेते. स्क्रूड्रायव्हरनं ठोकून थर उडवणंही तितकंच वाईट.

तिसरा उपाय इन्कोलॉयची कॉइल. जड पाण्यासाठी ती घ्याच. पण धुणं चुकवून फक्त कॉइल महाग घेतली तर एवढंच होईल की ती थोडी उशिरा जाईल.

पाणी जड आहे का हे टीडीएस मीटरवर कळत नाही. तो सगळे क्षार एकत्र मोजतो, मिठाचंही पाणी त्याला तेवढंच दिसतं. कठीणपणा मोजायचे थेंबांचे किट मिळतात, नाहीतर पाण्याच्या प्रयोगशाळेत नमुना द्या.

ज्या रॉडला कुणी विचारत नाही

आता टाकीकडे. बहुतेक चांगल्या गीझरची टाकी साध्या पोलादाची असते आणि आतून तिला काचेचं अस्तर असतं. जुन्या घरांतले निळे-पांढरे इनॅमलचे मग, टोप आठवा, तेच हे तंत्र. काचेची पूड पोलादावर चढवून सुमारे ८०० अंशांवर भाजतात, ती वितळून पोलादाला धरून बसते. दाब सोसायला पोलाद, पाणी सोसायला काच. काच गंजत नाही, पण ठिसूळ असते. भट्टीतून बाहेर येतानाच तिच्यात डोळ्यांना न दिसणारी काही छिद्रं राहतात, सांध्यांवर आणि कडांवर जास्त. शिवाय वाहतुकीत आपटली, कुणी आत हातोडीनं क्षार फोडले की टवके उडतात. मगाचा टवका उडाला की तिथे काळा, मग तांबूस डाग पडायचा. टाकीच्या आतही तेच होतं, फक्त दिसत नाही.

या उघड्या पोलादाला वाचवण्यासाठी टाकीत मॅग्नेशियमचा रॉड लावलेला असतो. दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून पाण्यात ठेवले की त्यांतला जास्त क्रियाशील धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. मॅग्नेशियम पोलादापेक्षा कितीतरी क्रियाशील आहे. धातूंची क्रियाशीलता दाखवणाऱ्या प्रमाण विभवांच्या कोष्टकात मॅग्नेशियम उणे २.३७ व्होल्टवर, लोखंड उणे ०.४४ वर आणि तांबं अधिक ०.३४ वर बसतं; आकडा जितका उणे तितका धातू क्रियाशील. ही युक्ती जुनी आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून गंजण्यापासून वाचवून दाखवला होता. गीझरमधला रॉड त्याच तत्त्वावर स्वतः संपतो. संपणं हेच त्याचं काम आहे, म्हणून तो बदलावा लागतो.

आणि इथेच आपल्याकडे घोळ होतो. मेकॅनिक कॉइल बदलायला फ्लँज उघडतो. रॉड झिजून काडीसारखा झालेला असतो, किंवा नुसती आतली तार उरलेली असते. "हे काही कामाचं नाही" म्हणत तो काढून टाकतो, किंवा जुन्या फ्लँजसकट फेकून देतो, आणि रॉड नसलेली, तांब्याची, स्वस्त कॉइल बसवून जातो. पाणी गरम होतं, सगळे खूश. पण आता टाकीत एका बाजूला तांब्याचा मोठा पृष्ठभाग आहे आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या छिद्रातून डोकावणारा पोलादाचा एक ठिपका. मॅग्नेशियम नसल्यामुळे झिजणारा धातू आता पोलाद. तांब्याचा पृष्ठभाग जेवढा मोठा आणि पोलादाचा ठिपका जेवढा लहान, तेवढा त्या ठिपक्यावरचा हल्ला एकवटलेला. पत्रा आरपार जायला फार काळ लागत नाही. "कॉइल बदलून वर्षही झालं नाही आणि टाकी गळली" ती अशी.

म्हणून कॉइल बदलताना रॉड दाखवायला सांगा. मूळ जाडीच्या निम्म्याहून बारीक झाला असेल किंवा मधली तार उघडी पडली असेल तर नवा लावा. कॉइलच्या किमतीच्या मानानं तो स्वस्त असतो. क्षारांनी पूर्ण मढलेला रॉडही निकामी असतो, कारण पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो घासून साफ करा. रॉड आणि टाकी यांच्यात धातूचा सलग संपर्क हवा, तेव्हा फ्लँजचे नट, बोल्ट गंजलेले असतील तर तेही बदला. सोसायटीत मिठावर चालणारा सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा कठीणपणा काढणारं यंत्र, बसवला असेल तर क्षाराचा त्रास कमी होतो, पण रॉड लवकर संपतो. तेव्हा सॉफ्टनर आला म्हणून गीझर उघडणं बंद करू नका.

गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो आणि गार पाण्याला येत नाही, ही तक्रारही रॉडशीच जोडलेली आहे. पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे काही जिवाणू मॅग्नेशियमपाशी तयार होणाऱ्या हायड्रोजनवर पोसले जातात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. टाकी रिकामी करून धुवा, एकदा पाणी पूर्ण तापवून काढून टाका, तरी वास राहिला तर मॅग्नेशियमऐवजी ॲल्युमिनियम-जस्ताचा रॉड मिळतो, तो लावा. रॉड काढून टाकणं हा उपाय नव्हे.

"आम्ही स्टीलचीच टाकी घेतली"

स्टेनलेस स्टील हे गंज न लागणारं नाव लोकांना भुरळ घालतं. ३०४ या जातीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, आणि क्रोमियमच्या ऑक्साइडचा पापुद्रा त्याला राखतो. गोड्या पाण्यात ही टाकी उत्तम. पण पाण्यात क्लोराइड, म्हणजे मिठातला क्षार, जास्त आणि पाणी ६० अंशांच्या आसपास असेल तर तो पापुद्रा जागोजागी फुटतो, खड्डे पडतात, आणि वेल्डच्या जवळ ताण असतो तिथे बारीक तडे जातात. किनाऱ्याजवळची मचूळ विहीर, अकोला-अमरावती-बुलढाण्याचा खारपाणपट्टा, अशा ठिकाणी मी ३०४ ची टाकी सुचवणार नाही. तिथे काचेचं अस्तर आणि वेळेवर बदललेला रॉड जास्त चालतो. ३१६ या जातीत दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ती क्लोराइड बरं सोसते. विकत घेताना टाकी नेमकी कोणत्या जातीची आहे ते लेखी मागा.

आजीच्या काळचा तांब्याचा बंब पिढ्यान्‌पिढ्या चालला, मग हे का नाही चालत, असं पुष्कळ जण विचारतात. बंबात दाब नव्हता, वीज नव्हती, तांबं आणि पितळ हे शेजारी बसणारे धातू होते, आणि झाकण उघडलं की आतला खार दिसायचा, मग तो चिंच लावून घासला जायचा. बंद, दाबाच्या टाकीत यातलं काहीच उरलेलं नाही.

ठिबकतंय कुठून ते आधी बघा

गीझर तापत असताना सुरक्षा व्हॉल्व्हमधून थोडं पाणी ठिबकणं हा बिघाड नाही. २० अंशांचं २५ लिटर पाणी ६५ ला नेलं की ते जवळजवळ साडेचारशे मिलिलिटरनं वाढतं. एनआरव्हीमुळे मागे जाता येत नाही, नळ बंद आहेत, मग वाढलेलं पाणी तिथूनच बाहेर पडणार. ते बंद करायला व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारलेलं मी बघितलं आहे. कृपा करून तसं करू नका. थर्मोस्टॅट चिकटला तर पुढची अडवणूक तोच व्हॉल्व्ह करतो. त्याचं तोंड बंद म्हणजे टाकी फुटण्याची सोय. त्याला छोटी नळी जोडून ती मोरीत सोडा, आणि दोन-तीन महिन्यांनी त्याची कळ उचलून पाणी येतं का बघा. गीझर बंद असतानाही तो सतत गळत असेल तर एक तर त्यात कचरा आहे किंवा पाण्याचा दाब जास्त आहे. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार (दाबाचं एकक) दाब येतो. उंच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो, आणि गीझरही तेवढ्या दाबाचा घ्यावा लागतो.

फ्लँजपाशी ओल असेल तर गॅस्केट गेलं. ते रबरी असतं, उष्णतेनं कडक होतं. फ्लँज उघडला की दर वेळी नवीन घाला, आणि नट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा, एकाच बाजूनं नाही.

जोडनळ्या हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग. बाहेरून स्टीलच्या तारांची वीण आणि आतून रबर अशी ती असते. स्वस्त नळीत ती वीण ॲल्युमिनियमची असते. चांगल्या नळीचीही वीण बाथरूममध्ये उघड्या ठेवलेल्या ॲसिडच्या बाटलीच्या वाफेनं तुटत जाते, आणि मग नळी रात्रीत फुटून घरभर पाणी होतं. वीण लालसर दिसली, एखादी तार बाहेर आली की बदला. ॲसिडची बाटली तिथून हलवा.

गरम लाइनला पांढरा साधा पीव्हीसी पाइप लावला असेल तर सांधे वाकणार, गळणार. तो साठच्या आसपास मऊ पडतो. तिथे मळकट पिवळसर रंगाचा सीपीव्हीसी हवा, तो ८२ अंशांपर्यंत दाब सोसतो, किंवा पीपीआर या दुसऱ्या प्लास्टिकचा पाइप. पितळी व्हॉल्व्हला जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, निपल (आट्यांचा छोटा जोडतुकडा) थेट जोडला असेल तर निपलच्या आट्यांपाशी गंज येईल. मध्ये प्लास्टिकचा तुकडा टाकला की तो त्रास संपतो.

पाणी पुरेसं तापतं पण बादली भरायच्या आत गार होतं? मग कॉइलला दोष देऊ नका. तळाशी गार पाणी हळूच पसरवणारी प्लास्टिकची जाळी फुटली असेल, किंवा वरून गरम पाणी आणणाऱ्या नळीला खालीच भोक पडलं असेल. दोन्हीत गार पाणी गरम पाण्यात मिसळतं.

प्लग काळा पडत असेल तर सॉकेटची पकड सैल आहे. २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर, तो १६ अँपिअरच्या सॉकेटवरच हवा. करपलेला प्लग घासून पुन्हा वापरू नका, सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला.

टाकीच गळत असेल तर

टाकीच्या सांध्यातून पाणी येतं आणि बाहेरच्या प्लास्टिकच्या कवचातून थेंब टपकतात. कवच आणि टाकी यांच्यामध्ये फोम भरलेला असल्यामुळे पाणी भोकाच्या जागी न दिसता कुठूनही बाहेर येतं. ते तांबूस असेल तर पोलाद गेलं हे नक्की. ही टाकी वेल्ड करून देतो असं सांगणारे भेटतात. वेल्डच्या उष्णतेनं भोवतालची काच तडकते आणि उघडं पोलाद आधीपेक्षा जास्त होतं. दोन-तीन महिन्यांत त्याच्या शेजारी दुसरं भोक. त्या दुरुस्तीवर पैसे घालू नका, नवा गीझर घ्या. आयएस २०८२ या मानकाची खूण, लेबलवर टाकीचा दाब आणि कॉइल कशाची आहे, एवढं बघून घ्या.

आणि बसवताना गीझरच्या खाली मोकळी जागा सोडायला सांगा. सजावटीसाठी तो फॉल्स सीलिंगमध्ये दडवला, किंवा खाली कपाट आलं, की कॉइल आणि रॉड सरळ खाली ओढून बाहेर काढता येत नाहीत. मग दरवर्षीची सफाई टळत जाते आणि टाकी गळेपर्यंत कुणी फ्लँज उघडत नाही. रॉडच्या लांबीएवढी, म्हणजे साधारण फूटभर ते दीड फूट जागा पुरते.